सिस्टर, जरा बीपी बघता का?

मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. नोकरी संपून सहा वर्षं झाली, तरी आठवड्यातून चार-पाचदा बेल वाजते आणि दारात कुणीतरी बाही वर सरकवूनच उभं असतं.

गेल्या थंडीत तळमजल्यावरचे आप्पा आले. वय बहात्तर. नातवाने मशीन घेऊन दिलं होतं, त्यावर वरचं १६८ आलं म्हणून तेच मशीन पिशवीत घालून वर आले. "सिस्टर, हे बिघडलंय की मी?" दोन जिने चढलेले, अंगात स्वेटर, चहा नुकताच झालेला, आणि टाकीत पाणी कमी सोडतात यावरून तोंड चालूच. म्हटलं, आप्पा, आधी बाथरूमला जाऊन या. त्यांना वाटलं, मी टाळतेय.

टाळत नव्हते. लघवी तुंबवून बसलं की बीपी वाढतं, चांगलं दहा-एक अंकांनी वाढू शकतं. बोलण्याने वाढतं. पायावर पाय टाकून बसलं तरी वाढतं, कारण पायातल्या शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. हे सगळं एकदम केलं की धडधाकट माणूसही कागदावर पेशंट होतो. आप्पांना खुर्चीत टेकून बसवलं, स्वेटर काढायला लावला, आणि अर्धा तास एक शब्द बोलू दिला नाही. तो अर्धा तास त्यांना बीपीपेक्षा जड गेला. मग मोजलं तर १४४, एका मिनिटाने परत १३८. मशीन त्यांचंच.

तर घरी मोजायचं कसं, ते एकदा नीट सांगते.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही, जिने चढणं नाही. आमच्या सातारा-कराड भागातल्या बायकांना मी मशेरीचं मुद्दाम विचारते. त्या म्हणतात, "छे, मी कुठं तंबाखू खाते?" अहो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं आणि नाडी, बीपी दोन्ही काही वेळ चढतात. सकाळी मशेरी लावून लगेच हात पुढे केला, तर मशीन तुमच्याबरोबर मशेरीचंही मोजतं.

मग पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं. पावलं जमिनीवर सपाट. पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून नाही. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला.

पट्टा उघड्या दंडावर. इथे मी स्वतःची चूक कबूल करते. ओपीडीत साठ-सत्तर माणसांची रांग असायची, आणि मी कितीतरी वर्षं सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. घाई, दुसरं काही नाही. बायकांचं तर आणखी वाईट. ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळली की दंडावर तिचाच फास बसतो, आणि त्याखाली आपण मोजत बसतो. घरी सैल बाहीचा गाऊन घाला, नाहीतर हात बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूने कोपराच्या खळीकडे, आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटं सरकतील इतपतच आवळायचा.

पट्ट्याचं मापही महत्त्वाचं. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. मशीन घेताना शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजून जा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून पाहा. दुकानदार "फ्री साइज आहे काकू" म्हणाला तरी ताडा. मनगटावरचं मशीन मी कुणाला घ्यायला सांगत नाही. का, ते पुढच्या गोष्टीतून कळेल.

हा प्रयोग घरी करून बघाच. मी टेबलावर हात टेकून, दंड छातीच्या मध्याच्या पातळीला येईल असा ठेवून मोजलं. १२६. मग तोच हात खुर्चीच्या बाजूला सोडून दिला. १३३. मग टेबलावर नातीची पुस्तकं रचून हात खांद्याच्याही वर टेकवला. ११५. बाई तीच, दहा मिनिटं तीच, मशीन तेच. यात चमत्कार काही नाही. रक्त हे शेवटी नळीतलं पाणीच. वरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं आणि माझ्याकडे बारीक, तसंच हे. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला की आकडा सुमारे ८ ने वाढतो, वर गेला की तितकाच उतरतो. मनगट तर कुठेही भटकतं, कधी मांडीवर, कधी पोटावर.

या "पाण्याच्या" दाबाची कल्पना पहिल्यांदा मोजून दाखवली ती स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने. बांधून आडव्या पाडलेल्या घोडीच्या मांडीतल्या धमनीला त्याने लांब काचेची नळी जोडली, तर रक्त ८ फूट ३ इंच वर चढलं. हे त्याने १७३३ साली छापलं. आपलं १२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा. पारा फार जड म्हणून आकडा लहान दिसतो. त्याच दाबाने रक्ताचाच स्तंभ उभा केला तर तो दीड मीटरच्या वर जाईल. आपल्या आत इतका जोर रात्रंदिवस चालू असतो आणि आपल्याला काही जाणवत नाही. म्हणूनच "मला काही त्रास नाही, मग बीपी कसं असेल?" या प्रश्नाला अर्थ नाही. बहुतेकांना खरंच काहीही जाणवत नाही.

लोकांची दुसरी तक्रार, "तीनदा मोजलं, तीन आकडे आले, मशीन भंगार." तसं नाही. दाब प्रत्येक ठोक्याला थोडा बदलतो. दिवसा चढतो, झोपेत निरोगी माणसाचा दहा ते वीस टक्के उतरतो, पहाटे उठताना परत चढू लागतो. जुन्या पाऱ्याच्या यंत्राने आम्ही कानाने ऐकायचो. ठोके ऐकू यायला लागले की वरचं, आवाज गेला की खालचं. ही रीत निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ साली सांगितली. तुमचं बॅटरीवरचं मशीन काही ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला बसणारे बारीक हिसके ते टिपतं आणि त्यावरून हिशेब करून आकडे काढतं. म्हणून मोजताना हात हलवायचा नाही, आणि नाडी अनियमित असणाऱ्यांनी एका आकड्यावर विसंबायचं नाही.

कोणता हात? "हृदय डावीकडे म्हणून डावा" हे मी माझ्या सासूबाईंकडूनही ऐकलंय. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. ज्यावर जास्त येतं, पुढे कायम तोच. दोन हातांत दरवेळी दहा-पंधराच्या वर फरक दिसला तर डॉक्टरांना सांगा.

आता वही. ही केल्याशिवाय वरचं सगळं फुकट. सात दिवस, सकाळी बीपीची गोळी आणि नाश्ता यांच्या आधी दोनदा, रात्री जेवणाआधी दोनदा, मध्ये एका मिनिटाचं अंतर. आलेला आकडा लिहायचा, आवडलेला नाही. पहिला दिवस सोडून द्या, त्या दिवशी माणूस मशीनलाच घाबरलेला असतो. उरलेल्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी १३५/८५, कारण घरी मन शांत असतं. काहींचं फक्त डॉक्टरांसमोरच वाढतं. काहींचं उलट, दवाखान्यात शहाण्यासारखं आणि घरी चढलेलं. दुसऱ्या जातीचं मला जास्त भय वाटतं, कारण ते वहीशिवाय सापडतच नाही.

सरासरी चांगली आली म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. ती गोळीमुळेच चांगली आलेली असते. आणि १८०/१२० किंवा त्याहून वर आलं तर पाच मिनिटांनी परत मोजा. तितकंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा अचानक नीट न दिसणं यातलं काहीही असेल, तर परत मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आप्पांची सरासरी १४१/८४ निघाली. म्हणजे मशीन ठीक होतं आणि आप्पाही अगदीच बिघडलेले नव्हते, पण डॉक्टरांना दाखवण्याइतके होते. वही घेऊन गेले. तिथे त्यांना उंच स्टुलावर बसवून, स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळायला सुरुवात झाली, आणि "काय म्हणताय, कसं काय?" अशी विचारपूस. आप्पा काही बोलेनात. दोनदा विचारल्यावर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, स्वेटर काढला, आणि पाठीची खुर्ची कुठे दिसते का, ते बघायला लागले.