मार लागलेल्या डोळ्याचं ऑपरेशन: निघण्याआधीची तयारी

आमच्या घरात मोतीबिंदू म्हणजे आजीचा. सकाळी ऑपरेशन, दुपारी घरी, आठवडाभरात आजी तांदूळ निवडायला बसली होती. त्यामुळे ट्रॅक्टरची पिन ठोकताना धाकट्याच्या डोळ्यात लोखंडाची कपची उडाली, बुबुळावर टाके पडले आणि पंधरा दिवसांत आतलं भिंग पांढरं झालं, तेव्हा सगळे म्हणाले, मोतीबिंदूच तर आहे, काढला की झालं. हा मोतीबिंदू वेगळा असतो, हे आम्हाला मिरजेच्या चार खेपा झाल्यावर कळलं. तुमच्या दोन खेपा वाचाव्यात म्हणून हे लिहून ठेवते.

आधी फाईल. डोळ्याला काय लागलं, कधी लागलं, किती जोरात, हे एका कागदावर लिहा. विटी लागली, फटाका उडाला, बाभळीचा काटा गेला की लोखंड, यावर पुढचं बरंच ठरतं. पहिल्या टाक्यांचं डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनची फिल्म, दोन्ही डोळ्यांचे जुने चष्म्याचे नंबर, आधार, रेशनकार्ड, योजनेतून करायचं असेल तर त्यांना लागतील ते कागद. कामावर असताना लागलं असेल तर तिथल्या नोंदीची प्रतही घ्या, ती नंतर मागायला गेलं की कुणाला सापडत नाही. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात: लोखंड उडालं होतं, असा नुसता संशय असला तरी एमआरआयवाल्याला ते आधी सांगा. त्या चुंबकाने आतला कण हलतो. आमच्या डॉक्टरांनी सीटीच सांगितला तो यासाठी.

रोजची औषधं गोळ्यांच्या पाकिटासकट न्या. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, नुसती सांगा. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत लघवीसाठी चालू असलेली प्रोस्टेटची गोळी हमखास सांगायची राहते, कारण डोळ्याचा आणि तिचा काय संबंध असं वाटतं. संबंध आहे. त्यातल्या काही गोळ्यांनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. साखर आटोक्यात हवी, खोकला असेल तर आधी बरा करून घ्या. लहान मूल असेल तर पूर्ण भूल देतात, मग उपाशी कधीपासून ठेवायचं ते भुलेच्या डॉक्टरांकडून वेळेसकट लिहून घ्या. मुलाच्या बाबतीत ‘परीक्षा झाल्यावर बघू’ अजिबात नको. डोळा झाकलेला राहिला तर मेंदू तो वापरणंच सोडतो, आणि नंतर भिंग कितीही स्वच्छ बसवलं तरी नजर येत नाही. पुढे चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुखऱ्या डोळ्याला कामाला लावायचं काम आईबापांनाच करावं लागतं.

तपासणीत एक साधी गोष्ट बघायला मिळाली. चांगला डोळा हाताने घट्ट झाकून डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बॅटरी वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून मारली आणि विचारलं, उजेड कुठून येतोय? धाकट्याने चारही वेळा बरोबर बोट दाखवलं. भिंग पांढरं असताना डॉक्टरांना मागचा पडदा (रेटिना) थेट बघता येत नाही, म्हणून ही परीक्षा आणि वर सोनोग्राफी. मग ते म्हणाले, ‘काच मी बदलीन, पण मागचा पडदा आहे तसाच राहणार.’ हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला आधीच ऐकवा. किती दिसेल हे पडद्यावर, डोळ्याच्या नसेवर आणि बुबुळावरच्या वणावर असतं.

आणखी एक प्रश्न सही करायच्या आधी विचारून घ्या: लेन्स त्याच दिवशी बसणार का? मार लागलेल्या डोळ्यात भिंगाची पिशवी फाटलेली असू शकते, तिला धरून ठेवणारे बारीक धागे तुटलेले असतात. कधी आत आधाराची रिंग घालतात, कधी लेन्स दुसऱ्या ऑपरेशनात बसवतात. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मावशींना हे माहीत नव्हतं, लेन्स बसली नाही म्हणताच त्या ऑपरेशन फसलं म्हणून रडायला लागल्या. (कृत्रिम लेन्सची कल्पनाही मार लागलेल्या डोळ्यांतूनच आली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे तुकडे गेले, आणि ते आत फारसा त्रास न देता राहतात हे हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरने हेरलं. १९४९ साली लंडनमध्ये त्याने पहिली लेन्स बसवली.) बसवलेल्या लेन्सचं कार्ड फाईलमध्ये जपा. वय कमी असलं तरी त्या डोळ्याला जवळचं वाचायला बहुधा चष्मा लागतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

घरी यायच्या आधी घर तयार करा. दुसऱ्या दिवशी तपासणी असते, म्हणून गावाकडून आलेल्यांनी त्या रात्री तिथेच कुणा नातेवाइकाकडे मुक्काम ठरवावा. थेंब घालायला एकच माणूस नेमा. आमच्याकडे ते काम माझ्याकडे होतं: साबणाने हात धुवायचे, खालची पापणी ओढायची, बाटलीचं टोक कुठेही टेकू द्यायचं नाही, दोन औषधांत पाच मिनिटं अंतर. दुधाळ औषध हलवून घालायचं. बाटल्यांना चिकटपट्टी लावून १, २, ३ लिहिलं आणि मोबाइलवर गजर लावले. सूज उतरवायचे थेंब हळूहळू कमी करत आणतात, डोळा बरा वाटतोय म्हणून मध्येच सोडायचे नाहीत. रात्री डोळ्यावर झाकण आणि चिकटपट्टी. डोक्यावरून अंघोळ, द्राक्षाचे क्रेट उचलणं, मोटारसायकल, शेतातली धूळ हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. फोडणीच्या वेळी त्याला बाहेर ओसरीवर बसवा. आणि दूध, मध, गुलाबपाणी घेऊन येणाऱ्या आत्याबाईंना चहा द्या, पण डोळ्यापर्यंत पोचू देऊ नका.

दवाखान्याचा रात्रीचा नंबर दारामागे लिहा. दुखणं किंवा लाली वाढली, दिसत होतं ते कमी झालं, विजा चमकल्या, काळे ठिपके अचानक वाढले, बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर सकाळची वाट बघायची नाही. चांगल्या डोळ्याकडेही लक्ष ठेवा. खोल जखमेनंतर क्वचित तोही सुजतो. धूसर दिसलं, उजेड सोसवेना झाला, तर तेही लगेच सांगायचं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. रोज सकाळी त्याच फरशीवर उभं राहून, चांगला डोळा झाकून, धाकटा काय दिसतं ते सांगायचा आणि मी वहीत लिहायची. पट्टी काढल्यावर नुसते रविवारचे लाल डाग. आठव्या दिवशी मोठे आकडे. टाके काढून चष्म्याचा नंबर स्थिर व्हायला तीन महिने गेले. तोवर चहा ओतताना अर्धा बशीत जायचा, कारण दोन डोळ्यांचा मेळ बसल्याशिवाय कप किती लांब आहे ते कळत नाही. आता चष्म्याने सणांची नावं वाचतो, आकड्याखालची बारीक तिथी मात्र अजून चांगल्याच डोळ्याने. मार लागलेल्या डोळ्यात काचबिंदू काही वर्षांनीही येऊ शकतो, म्हणून डोळ्याचं प्रेशर तपासायची पुढची तारीख मी डिसेंबरच्या पानावर लाल पेनने लिहिली आहे. ती त्यालाच वाचायला लावते.