नोकरी शोधताना उमेद घालवणाऱ्या चुका

नकाराचा मेल आला की मनात पहिला विचार येतो, ‘आपल्यातच काहीतरी कमी आहे.’ चार मेल आले की त्या विचाराची खात्री होऊन बसते. खरं तर हे चारही नकार वेगवेगळ्या कारणांनी आलेले असू शकतात, पण आपण ते एकाच माळेचे मणी समजतो. माझ्या मते उमेद खचण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

म्हणून आधी नकार कुठल्या टप्प्यावर आला ते पाहा.

अर्ज पाठवूनही फोनच येत नसेल, तर तुम्हाला अजून कुणी भेटलेलंच नाही. नाकारला गेला तो कागद. अनेक कंपन्यांमध्ये अर्ज सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात आणि एचआरची माणसं त्यात शब्द टाकून शोधतात. जाहिरातीत ‘इन्व्हेंटरी मॅनेजमेंट’ आणि तुमच्या बायोडेटात ‘स्टोअरचं काम’ असेल, तर तेच काम वर्षानुवर्षं करूनही तुमचं नाव खाली राहू शकतं. जे काम खरोखर केलंय, ते जाहिरातीच्या भाषेत लिहा.

फोन येतो पण पहिल्या फेरीतच गाडी अडते? मग ‘स्वतःबद्दल सांगा’चं उत्तर तपासा. ते बहुतेकांचं फार लांबतं. पगाराच्या अपेक्षेचा आकडाही एकदा पडताळून घ्या.

शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन नकार येतो, तो सर्वांत जास्त लागतो. पण तिथवर पोचलात म्हणजे बायोडेटा आणि बोलणं दोन्ही चालतंय. या टप्प्यावर कारण बरेचदा तुमच्या हाताबाहेरचं असतं: आतलाच कुणी उमेदवार ठरलेला असतो, पद गोठवलं जातं, बजेट कापलं जातं. अशा वेळी वैतागून अख्खा बायोडेटा नव्याने लिहायला घेणं म्हणजे चालू यंत्र उघडून बसणं.

एक मुलाखत छान झाली म्हणून थांबणं

‘इथे नक्की होणार’ असं वाटलं की बाकीचे अर्ज थंडावतात. मग निकाल नकारात्मक आला की हातात काहीच उरत नाही आणि शून्यातून सुरुवात करावी लागते. निकाल येण्याआधी पुढचे दोन-तीन अर्ज गेलेले असले, तर तोच नकार कमी झोंबतो.

याच्या उलट टोक म्हणजे एका क्लिकवर दिसेल तिथे अर्ज टाकत सुटणं. त्यातून नकारांचाच पाऊस पडतो. कमी पण नीट जुळणारे अर्ज बरे.

राग गिळून हसत राहणं

‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. नोकरी गेलेल्या व्यावसायिकांवर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला सांगितलं. काही महिन्यांनंतर त्या गटातल्या जास्त लोकांना नोकरी लागलेली होती. गंमत म्हणजे त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज केले नव्हते की फोनही. अभ्यास छोटा होता, त्यामुळे याला रामबाण म्हणू नये. पण जुन्या ठिकाणाबद्दलचा कडवटपणा मुलाखतीत बोलण्यातून डोकावतो, हे घेणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. तो आधी कागदावर उतरलेला बरा.

लोकांना टाळणं

नकार आले की माणूस आधी ओळखीच्यांना तोंड चुकवतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की ज्या व्यक्तीकडून नोकरीची बातमी कळली, ती तुम्हाला कितीदा भेटायची? बहुतेकांचं उत्तर ‘अधूनमधून’ किंवा ‘क्वचित’ असं होतं. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच; नवी बातमी लांबच्यांकडे असते. जुन्या सहकाऱ्याला ‘नोकरी बघ’ म्हणू नका, ‘तुमच्याकडे या कामाची माणसं कशी घेतात?’ एवढंच विचारा.

झोप, भूक दोन आठवडे बिघडलेलीच असेल, तर मात्र प्रश्न अर्जांचा राहिलेला नाही, डॉक्टरांना भेटा.

आणि नकारानंतर ‘माझी निवड का झाली नाही?’ असं विचारू नका. त्याला बहुधा ठरावीक उत्तर येतं, नाहीतर येतच नाही. ‘पुढच्या वेळेसाठी एकच गोष्ट सुधारायची, तर कुठली?’ असं दोन ओळींत विचारा. उत्तर आलं तर वाद न घालता आभार माना. आठवडाभर काहीच आलं नाही, तर ती फाईल बंद करा.