थंडीत घरची बिअर उबेत कशी ठेवायची

इंग्लंडात घरी प्यायला बिअर करायची तर १९६३ पासून लायसन लागत नाही (महाराष्ट्रात हाच उद्योग गुन्हा आहे, तिकडे करून बघू नका), पण नोव्हेंबर लागला की रात्री हीटिंग बंद झाल्यावर किचन १२-१३ डिग्रीवर येतं आणि एल यीस्ट (एल म्हणजे उबेत आंबणारी बिअर, यीस्ट ती आंबवणारं) गारठून तळाशी जाऊन बसतं. त्याला साधारण १८ ते २२ लागतात. लागर (थंडीत आंबवायची बिअर) करणाऱ्यांनी हे वाचू नये, त्यांना थंडीच पाहिजे असते.

आधी जागा. बिअर आंबवायची २३ लिटरची बकेट फरशीवर कधीच ठेवू नका, खाली थर्मोकोल नाहीतर लाकडी फळी घाला. बाहेरची भिंत आणि खिडकी टाळा. रेडिएटरला चिकटवून ठेवायचा मोह होतो पण तिथे दिवसा २६ आणि रात्री १४ असा खेळ चालतो, त्यापेक्षा सतत १८ कधीही बरं. जुन्या घरात गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असेल तर उत्तम, फक्त आत किती गरम होतं ते आधी बघून घ्या.

मग थर्मामीटर. खोलीचं नाही, बिअरचं टेम्परेचर बघायचं, कारण आंबणं जोरात चालू असताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं आणि बकेट खोलीपेक्षा ३-४ डिग्री वर जाते. बकेटवर चिकटवायची पट्टी स्वस्तात मिळते.

यीस्ट टाकताना वॉर्ट (आंबवायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) २० च्या आसपास असू द्या, गार वॉर्टमध्ये टाकलं तर सुरुवातच रखडते. त्यानंतर बकेटला गोधडी, जुनी स्लीपिंग बॅग, काहीही गुंडाळा. पण गोधडी ऊब धरून ठेवते, तयार करत नाही, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस तेवढ्यावर भागतं आणि पुढे नाही.

खरी गडबड तिथेच होते. जोर ओसरला की यीस्टची उष्णता संपते, बिअर गार पडते आणि नेमकी शेवटची साखर खायची वेळ असताना यीस्ट झोपतं. म्हणून हीटर पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी जास्त कामाचा. हीट बेल्ट (बकेटभोवती बांधायचा विजेवर तापणारा पट्टा) चालतो, पण थर्मोस्टॅट कंट्रोलरला जोडूनच, आणि त्याचा सेन्सर बकेटला टेपने चिकटवून वर स्पंजचा तुकडा लावा नाहीतर तो खोलीची हवाच मोजत बसेल. बेल्टवर गोधडी टाकायची नाही, काचेच्या भांड्याला बेल्ट लावायचा नाही.

मला विचाराल तर सगळ्यात भारी म्हणजे मोठा प्लास्टिकचा टब, त्यात बकेट ठेवून तिच्या अर्ध्या उंचीपर्यंत पाणी आणि माशांच्या टाकीतला हीटर २० वर लावून. एवढं पाणी पटकन तापत नाही आणि पटकन निवतही नाही. हीटर पाण्याबाहेर काढायच्या आधी प्लग काढा आणि जरा थांबा, गरम काच तडकते.

एअरलॉकमधले (झाकणातून गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतले) बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरायला घेऊ नका, थंडीनेही थांबतात. हायड्रोमीटरचं (बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणाऱ्या नळीचं) रीडिंग दोन-तीन दिवस तेच आलं आणि ते रेसिपीत दिलेल्या आकड्याजवळ असलं तरच भरा. वरच अडकलं असेल तर २१-२२ पर्यंत उबवा, बकेट हलक्या हाताने फिरवा, दोन दिवस वाट बघा. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरली तर पुढे घर गरम झाल्यावर ती फुटू शकते.

आणि भरलेल्या बाटल्याही लगेच गॅरेजमध्ये टाकू नका, त्यांनाही दोनेक आठवडे हीच ऊब द्या, नाहीतर गॅस धरत नाही.