हेमिंग्वेच्या कथांचे कच्चे खर्डे बघायचे असतील तर

आधी एक कथा ठरवा. एकच. हे सगळ्यात वर लिहितोय कारण बॉस्टनच्या केनेडी लायब्ररीतलं (अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी, त्यांच्या नावाची) हेमिंग्वे कलेक्शन एवढं अवाढव्य आहे की 'जाऊन बघू तरी काय काय आहे' म्हणून गेलात तर दोन दिवसांनी डोकं गरगरत बाहेर याल आणि हातात काहीच नसेल. हेमिंग्वेची जेवढी हस्तलिखितं आज माहीत आहेत त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त या एका ठिकाणी आहेत, नुसते फोटोच १०,०००च्या वर, वर त्याला आलेली पत्रं, त्याने लिहिलेली पत्रं, लिहून न पाठवलेलीसुद्धा, पावत्या, तिकिटं, माणूस काही म्हणून फेकतच नव्हता.

आपल्याकडे हेमिंग्वे म्हटलं की म्हातारा कोळीच आठवतो, 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा अनुवाद पुलंनी 'एका कोळियाने' नावाने करून तो आपल्या घरातलाच करून टाकलाय. पण माझं प्रामाणिक मत असं की तो शिकला, चुकला आणि घडला तो छोट्या कथांमध्ये, आणि ते घडणं डोळ्यांनी बघायचं असेल तर हे कागद बघायलाच हवेत. ज्यांना कथा लिहायच्या आहेत किंवा मराठीत आणायच्या आहेत त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय.

लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की हे केनेडीच्या लायब्ररीत कसं काय, दोघं तर कधी भेटलेही नव्हते. झालं असं की जुलै १९६१ मध्ये हेमिंग्वे गेला तेव्हा त्याचे बरेचसे कागद क्युबातल्या घरी, हवानाजवळच्या फिंका विहिआमध्ये होते, आणि तेव्हा अमेरिकेचे क्युबाशी संबंध तुटलेले. केनेडी सरकारच्या मदतीने त्याची बायको मेरी तिथे जाऊ शकली आणि पेट्या भरून कागद घेऊन आली. काही माल फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' गावातल्या एका बारच्या मागच्या खोलीत कित्येक वर्षं पडून होता तोही गोळा केला. पुढे केनेडींच्या पत्नी जॅकलिन यांच्याशी बोलणं होऊन मेरीने हे सगळं लायब्ररीला द्यायचं ठरवलं, १९७२ पासून कागद जायला लागले आणि १९८० मध्ये तिथे हेमिंग्वे रूम सुरू झाली.

आता काय मिळणार नाही ते पण आधीच सांगतो म्हणजे निराशा नको. डिसेंबर १९२२ मध्ये त्याची पहिली बायको हॅडली पॅरिसच्या गार द लियॉं स्टेशनवर गाडीत बसली, त्याला लोझानला भेटायला चालली होती, आणि त्याचं सगळं लिखाण जिच्यात होतं ती बॅग तिथेच चोरीला गेली. मूळ प्रती गेल्या आणि कार्बन कॉप्याही त्याच बॅगेत. फार थोडं वाचलं, एक कथा संपादकाकडे पोस्टाने गेलेली म्हणून आणि एक कुठेतरी ड्रॉवरमध्ये राहिलेली म्हणून. त्यामुळे त्या आधीच्या पॅरिसमधल्या कथांचे खर्डे शोधत बसू नका, कथा निवडताना १९२३ नंतरचीच निवडा.

अर्धं काम घरी बसूनच होतं आणि ते घरीच करा. लायब्ररीच्या साइटवर या संग्रहाची फाइंडिंग एड आहे, म्हणजे कुठल्या बॉक्समध्ये कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे त्याची सविस्तर यादी. हस्तलिखितांना आयटम नंबर आहेत. एकाच कथेचे पाच-सहा आयटम असू शकतात, एक पेन्सिलीने लिहिलेला, एक टाइप केलेला, एक टाइप करून वर हाताने दुरुस्त्या केलेला, हे सगळे नंबर वहीत उतरवून घ्या. हेमिंग्वेवरच्या जुन्या समीक्षेत तुम्हाला 'केएल/ईएच' आणि पुढे आकडा असं दिसेल, ते याच आयटम नंबरचं जुनं रूप आहे, केनेडी लायब्ररी अर्नेस्ट हेमिंग्वे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी बरेच दिवस ते पुस्तकाचं नाव समजत होतो.

अजून एक, कथेचं छापील नावच फक्त शोधू नका. 'द किलर्स'चं नाव आधी 'द मॅटाडोर्स' होतं. नावं बदलली आहेत, काही खर्ड्यांना नावच नाही, तेव्हा पहिल्या वाक्याने पण शोधून बघा.

बरेच फोटो ऑनलाइन आहेत आणि त्याच्या आईने केलेले लहानपणीचे अल्बमही आहेत, पाच खंड. ग्रेस हेमिंग्वेने मुलाचं एकेक बोबडं बोलणंसुद्धा टिपून ठेवलंय, बहिणीसारखा फ्रॉक घातलेले त्याचे फोटो आहेत. एक संध्याकाळ त्यात घालवाच. पण एकच, नाहीतर कथा बाजूला राहते.

आता मुख्य गोष्ट, खर्डा वाचायचा कसा. छापील कथा मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून प्रिंट काढा आणि खर्डा समोर ठेवून एकेक ओळ जुळवत जा. जे खर्ड्यात आहे आणि छापलेल्यात नाही ते प्रिंटवर त्या त्या जागी लिहा, जे खोडलंय पण वाचता येतंय ते चौकोनी कंसात, जे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह, अंदाजाने शब्द भरू नका. स्पेलिंग सुधारू नका. हेमिंग्वे 'हॅविंग', 'रायटिंग' असे शब्द लिहिताना मूळ शब्दातला शेवटचा ई काढायचाच नाही, ती त्याची सवयच होती, दोन पानांत डोळ्यांना ओळखीची होते, आणि ती तुम्ही दुरुस्त केलीत तर तुमची नक्कल निकामी झाली.

आणि शोधायचं काय, तर त्याने काय काढून टाकलं ते. काय घातलं त्यापेक्षा हे महत्त्वाचं. 'इंडियन कॅम्प' घ्या. छापलेल्या कथेचं पहिलं वाक्य असं की तळ्याच्या काठावर आणखी एक होडी ओढून ठेवली होती. मी या कथेचा अनुवाद करायला घेतला तेव्हा ते 'आणखी एक' मला खटकलं, पहिली होडी कुठे आहे, वाचकाला तर अजून काहीच दाखवलं नाहीये, म्हणून मी सरळ 'एक होडी' लिहून मोकळा झालो होतो. मग कळलं की या वाक्याच्या आधी बरीच पानं होती. त्यात छोटा निक रात्री तंबूत एकटा आहे, वडील आणि काका तळ्यावर मासे धरायला गेलेत, त्याला अचानक मरणाची भीती वाटते, आपणही कधीतरी मरणार हे त्याला पहिल्यांदा कळलेलं असतं, आणि तो बंदुकीचे तीन बार काढून त्यांना परत बोलावतो. हेमिंग्वेने हा सगळा भाग उचलून बाजूला काढला, तो पुढे १९७२ मध्ये 'थ्री शॉट्स' नावाने वेगळा छापला गेला.

आता कथेचा शेवट बघा. निक वडिलांबरोबर होडीतून परत येतोय, पहाट झालीये, पाण्यात हात घालून बसलाय, आणि आपण कधीच मरणार नाही असं त्याला अगदी पक्कं वाटतं. ही ओळ त्या काढलेल्या पानांना उत्तर आहे. प्रश्न काढून टाकला आणि उत्तर ठेवलं, आणि वर पहिल्या ओळीत ते 'आणखी' तसंच राहू दिलं. मी 'आणखी' परत घातलं हे सांगायला नकोच. अनुवाद करणाऱ्यांनी खर्डे का बघावेत याचं माझ्याकडे यापेक्षा चांगलं कारण नाही.

'बिग टू-हार्टेड रिव्हर'चंही तसंच, तिथे शेवट कापलाय. निकच्या डोक्यातलं लेखनाबद्दलचं लांबलचक बोलणं होतं, ती शेवटची नऊ पानं काढली असं त्याने स्वतः नोव्हेंबर १९२४ मधल्या एका पत्रात मित्राला लिहिलंय. म्हणून कथेबरोबर त्या महिन्यांतली पत्रंही वाचा, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने २०११ पासून पत्रांचे खंड काढलेत, तारखेने लावलेले आहेत, सोपं पडतं.

हक्कांबद्दल थोडं कारण हे विचारलं जातंच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे हेमिंग्वेने हयातीत छापलेल्या कथा १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे मोकळ्या आहेत, अनुवाद करा, छापा. पण तो गेल्यानंतर छापलेलं ('थ्री शॉट्स' त्यातच आलं) आणि कधीच न छापलेलं यात मोडत नाही. लायब्ररीकडे कागद आहे म्हणजे मजकुराचा हक्क पण तिच्याकडेच आहे असं नसतं, दोन्ही वेगवेगळं. अभ्यासासाठी पानाचा फोटो काढला तरी तो पुस्तकात छापायला हक्कदारांची परवानगी लागते, ती छपाईला जायच्या बऱ्याच आधी मागा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर काही आठवडे आधी ईमेल करून वेळ घ्या, रिसर्च रूममध्ये असंच चालत जाता येत नाही. मेलमध्ये 'हेमिंग्वेवर काम करतोय' एवढंच लिहू नका, कथा कुठली, आयटम नंबर कुठले, किती दिवस येताय हे लिहा, तिथला माणूस मग मनापासून मदत करतो. अभ्यासकांना हेमिंग्वे रिसर्च ग्रँटही मिळते, साइटवर अर्जाची मुदत बघून ठेवा. बॉस्टनच्या लोगन एअरपोर्टवरून सिल्व्हर लाइनच्या बसने साउथ स्टेशन, तिथून रेड लाइनच्या मेट्रोने तिसरं स्टेशन जेएफके/यूमास. अॅशमाँटची गाडी येऊदे नाहीतर ब्रेनट्रीची, दोन्ही तिथे थांबतात. स्टेशनवरून लायब्ररीपर्यंत फुकट शटल बस आहे.

पासपोर्ट जवळ ठेवा. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल, बॅग बाहेर ठेवावी लागते, एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि पानांचा क्रम जसा आहे तसाच ठेवायचा, चुकीचा वाटला तरी. फ्लॅश नको. अंगात स्वेटर असूद्या.

शेवटच्या दिवशी तासभर राखून त्याचा कादंबरीकार मित्र स्कॉट फिट्झजेराल्डचं एक पत्र मागा, १९२९ चं, हेमिंग्वेच्या तेव्हाच्या नव्या कादंबरीत ('अ फेअरवेल टू आर्म्स') काय काय काढायला हवं ते सांगणारं. पानंच्या पानं सूचना आहेत, मित्राने जीव लावून लिहिलेल्या. शेवटी खाली हेमिंग्वेच्या अक्षरात तीन शब्दांची शिवी आणि सही. दुसऱ्याने सांगितलं की राग यायचा, पण तेच पत्र त्याने आयुष्यभर जपून ठेवलं.