केटीत घर घेताय? आधी सर्व्हे उघडा

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीकडे घर बघणाऱ्या मंडळींचे फोन मला दर उन्हाळ्यात येतात. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते. आमचं स्वतःचं चुकलंय, त्यामुळे काही ठिकाणी चिडचिड दिसेल.

कर्जाची पूर्वमंजुरी, इन्स्पेक्शन, शाळेची हद्द, या गोष्टी तुम्ही करणारच. त्यावर शब्द खर्च करत नाही.

पहिलं काम म्हणजे घर कोणत्या मडमध्ये आहे ते शोधा. मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं, आम्ही चिखलात घर घेतोय. शहराच्या हद्दीबाहेर नगरपालिका नसते, मग पाणी, सांडपाणी, पावसाळी गटारं कोण बघणार? त्यासाठी टेक्ससच्या कायद्याने उभी केलेली ही छोटी सरकारं. पाच जणांचं संचालक मंडळ, स्वतःचे कर्जरोखे, स्वतःचा मालमत्ता कर. बिल्डर आधी पदरचे पैसे घालून पाइप टाकतो, मड रोखे विकून त्याला ते परत करतं आणि ते रोखे तुमच्या-आमच्या करातून फिटतात. एचओए वेगळी. ती वसाहतीची सोसायटी आहे, सरकार नव्हे. हा फरक डोक्यात पक्का बसवा, पुढे त्यावरच सगळं अडतं.

कराचं गणित लिहून काढा. दर प्रत्येक शंभर डॉलरला सांगतात, त्यामुळे तो आकडा चिमुकला दिसतो. समजा दर ०.९० आहे आणि घर चार लाखांचं, तर वर्षाला ३,६०० डॉलर, म्हणजे महिन्याला ३००. हे फक्त मडचे. काउंटी आणि शाळेचा कर वेगळा. नवं घर असेल तर आणखी एक गंमत: पहिल्या वर्षी नुसत्या मोकळ्या प्लॉटवर कर लागलेला असू शकतो. दुसऱ्या वर्षी पूर्ण घरावर लागतो आणि बँकेचं एस्क्रोतल्या (कर-विम्यासाठी बँक हप्त्यासोबत पैसे जमा करते त्या खात्यातल्या) तुटीचं पत्र येतं. करार करण्याआधी विकणाऱ्याने मडची नोटीस द्यायची असते. त्यात कराचा दर, मतदारांनी मंजूर केलेले रोखे आणि प्रत्यक्षात विकलेले रोखे असे आकडे असतात. मंजूर जास्त आणि विकलेले कमी असतील, तर कर्ज अजून वाढू शकतं. सहीच्या गठ्ठ्यात ही नोटीस सरकवतात. वाचून मगच सही करा.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हे. म्हणजे घराच्या जागेच्या मोजणीचा नकाशा. तो बघा.

आम्ही पाहिला नव्हता. सासू-सासरे सहा महिने राहायला येणार, त्यांना संध्याकाळी मागे बसायला जागा हवी, म्हणून कुंपणालगत काँक्रीट ओतून छान पर्गोला, म्हणजे खांबांवरचा उघडा मांडव, उभा केला. एचओएची रीतसर मंजुरी घेतली, नकाशा दिला, रंगाचा नमुनासुद्धा दिला. दोन वर्षांनी डिस्ट्रिक्टच्या कंत्राटदाराने दारावर चिठ्ठी लावली आणि पुढच्या आठवड्यात सांडपाण्याच्या लाइनसाठी निम्मं काँक्रीट फोडलं. भरपाई? ती पट्टी ईझमेंटमध्ये होती. जमीन आमची, पण तिथे खणायचा, पाइप टाकायचा, दुरुस्तीला यायचा हक्क त्यांचा. आपल्याकडच्या वहिवाटीच्या हक्काचा हा भाऊच. बिल्डरने वसाहतीचा प्लॅट, म्हणजे आखणीचा नकाशा, काउंटीत नोंदवला तेव्हाच तो देऊन टाकला होता. मालक बदलला तरी हक्क जमिनीला चिकटून राहतो. एचओएची मंजुरी म्हणजे शेजाऱ्यांची मंजुरी. मडच्या हक्काला तिने काडीचा फरक पडत नाही.

म्हणून सर्व्हे. घरमालक जुना सर्व्हे आणि 'तेव्हापासून काही बदललं नाही' असं शपथपत्र देतो. ते चालतं, पण कागद उघडून बघा. मागच्या कुंपणाला समांतर तुटक रेषा दिसतील, त्यावर बारीक अक्षरात यू. ई. किंवा डी. ई. असेल. पहिलं युटिलिटीचं ईझमेंट, दुसरं पाण्याच्या निचऱ्याचं. पट्टी किती फूट रुंद आहे ते टेपने अंगणात मोजा. हो, खरोखर टेप घेऊन जा. मग टायटल कंपनीच्या (मालकी हक्क तपासून त्याचा विमा देणाऱ्या कंपनीच्या) कमिटमेंटमधलं, म्हणजे विम्याआधीच्या हमीपत्रातलं, शेड्यूल बी वाचा. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना म्हणा ना. गावी काका तो रकाना वाचल्याशिवाय बयाणा देत नसत, आणि आम्ही इथे पोहण्याच्या तलावाचे फोटो बघत बसलो. हरकत घ्यायला करारात मोजकेच दिवस असतात, तेव्हा शेवटच्या रात्री वाचू नका.

प्लॅटवरच्या टिपाही वाचा. बार्कर जलाशयालगतच्या फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या प्लॅटवर, इथे नियंत्रित पाणी साचू शकतं, अशी ओळ छापलेली होती. २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळ आल्यावर घरात पाणी शिरलं, तेव्हा कित्येकांना तिचा पत्ता लागला.

विकत घेतल्यावर शेड, तलाव, फरसबंदी काहीही करायचं असेल, तर पुन्हा तोच सर्व्हे काढा. ईझमेंटमध्ये पाऊल पडत असेल तर मडकडे अतिक्रमणाची लेखी संमती मागा. मंडळाच्या सभेत विषय जातो, आणि सभा बऱ्याचदा कामाच्या दिवशी भर दुपारी असते, रजा टाका. संमती मिळाली तरी काढायची वेळ आली तर खर्च तुमच्याच माथी, असं बहुधा त्यात लिहिलेलं असतं.

मड जमीन सक्तीने घेऊही शकतं. एमआयडीसी घेते तसंच, कायद्याने, मोबदला देऊन. राज्याची जमीनमालकांच्या हक्कांची पत्रिका तेव्हा तुम्हाला द्यावी लागते. आमच्यावर ती वेळ आलेली नाही.

राहिलेलं पटापट. कर ३१ जानेवारीच्या आत. होमस्टेड सवलतीचा (स्वतः राहत्या घरावरच्या करसवलतीचा) अर्ज लगेच, पण मडने ती दिलीच पाहिजे असं नाही, चौकशी करा. मडच्या निवडणुकीत मत द्या. इतकं कमी मतदान होतं की दहा मतांनाही वजन असतं. पाण्याचं खातं नावावर करून घ्या.

आणि सर्व्हेची प्रत फ्रिजवर लावा. आमची तिथेच आहे, उरलेल्या अर्ध्या पर्गोल्याच्या फोटोशेजारी.