कोरफडीचं तेल: घरी कढवायची रीत आणि ते लावायचं कुठे

बाळ-बाळंतिणींना मालीश करायचं माझं काम. चोवीस वर्षं झाली. सुरुवात सदाशिव आणि नारायण पेठेतल्या वाड्यांतून केली. आता वाडे गेले, कामं कर्वेनगर, वारजे, धायरीपर्यंत पसरली. सव्वा महिना एकेका घरी जायचं म्हणजे तेलाशी रोजचाच संबंध. गेल्या चार-पाच वर्षांत जिथे जाईन तिथे एक प्रश्न ठरलेला असतो, "मावशी, कोरफडीचं तेल चांगलं ना हो?" पाठोपाठ हिरव्यागार तेलाची बाटली पुढे येते.

आधी एक गोष्ट नीट सांगते. कोरफडीत तेल नसतं. पान चिरलं की आत गर असतो आणि त्या गरात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणीच. शेंगदाण्यातून किंवा तिळातून निघतं तसं तेल तिच्यातून निघत नाही. कोरफडीचं तेल म्हणजे खोबरेल किंवा तिळाचं तेल, ज्यात कोरफडीचा गर कढवलेला आहे. म्हणून विकतच्या बाटलीवर कोरफडीचं चित्र किती मोठं आहे ते बघू नका, मागच्या बारीक अक्षरात पहिलं नाव कशाचं आहे ते वाचा. जे सगळ्यात जास्त घातलेलं असतं ते पहिलं लिहितात. तिथे मिनरल ऑईल दिसलं तर तुम्ही तेच विकत घेताय. ते वाईट असतं असं नाही, पण कोरफडीचे पैसे त्याला कशाला द्यायचे?

दुसरी गोष्ट म्हणजे गराचे बरेचसे गुण पाण्यात उतरणारे आहेत, तेलात त्यातले थोडेच येतात. उन्हाने रापलेल्या हाताला जो गारवा ताजा गर देतो, तो तेल देणार नाही. तेलाचं काम वेगळं. कोरडी कातडी मऊ करणं, मालीशला हात सरकवणं, केसांना धरून राहणं. ही दोन कामं वेगळी ठेवलीत तर दोन्हींचा उपयोग होईल.

आता झाड. माझ्याकडची कोरफड मी एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या फुलांच्या प्रदर्शनातून आणली, एकच पिल्लू होतं. आज गॅलरीत सात कुंड्या आहेत. ऊन भरपूर, पाणी कमी, आणि कुंडीच्या बुडाला भोक हवंच, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतात. मंडईतही सुटी पानं मिळतात. टेकडीवरून मात्र पान तोडून आणू नका. तिथे उगवलेलं असतं ते बहुतेक वेळा घायपात. तिचं पान ताठ, आत दोऱ्यासारखे तंतू आणि टोकाला सुईसारखा काटा. तिचा रस अंगाला लागला तर आग आणि खाज सुटते. कोरफडीचं पान दाबलं की मांसल लागतं आणि कडेचे काटे मऊसर असतात.

झाडाचं खालचं, बाहेरच्या बाजूचं, जाड झालेलं पान घ्यायचं, कोवळं नाही. बुडाशी कापलं की पिवळा चीक येतो. हा चीक म्हणजे गर नव्हे. वाळवला की त्याचाच काळा बोळ होतो, जो जुन्या काळी जुलाबासाठी देत. नाजूक कातडीला तो खाजतो. पहिल्या वर्षी मी पान कापून तसंच सोलायला घेतलं आणि दोन्ही मनगटांवर लाल चट्टे उठले. त्या दिवशी एका घरी मला बाळाला हात लावता आला नाही. तेव्हापासून पानं कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभी ठेवते, चांगला अर्धा तास. पेल्याच्या तळाशी हळदीच्या पाण्यासारखा चीक जमतो. मग पानं धुवायची, दोन्ही कडांचे काटे सुरीने काढायचे, वरची साल पापुद्र्यासारखी उचलायची आणि गर चमच्याने खरवडायचा. हिरव्या सालीला चिकटून खरवडू नका, चीक तिथेच असतो. निघालेला गर पुन्हा एकदा पाण्यातून काढायचा.

माझं प्रमाण सोपं आहे. पाव किलो गराला अर्धा लिटर तेल. थंडीत तिळाचं, एरवी खोबरेल, दोन्ही लाकडी घाण्याचं मिळालं तर उत्तम. नुसतं खोबरेल डिसेंबरात पुण्यात बाटलीत दगड होऊन बसतं, म्हणून दिवाळीनंतर मी निम्मं तीळ घालते.

स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या, पूर्ण कोरडं, आणि इतकं मोठं की तेल आणि गर मिळून निम्म्याच्या वर येणार नाही. गर मिक्सरमधून फिरवून घ्यायचा. तेल आणि गर दोन्ही गार असतानाच एकत्र करून मग गॅस पेटवायचा. तापलेल्या तेलात गर ओतायचा नाही, ते अंगावर उडतं. मंद आच ठेवायची आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढायचं. थोड्या वेळात चर्रर्र असा आवाज सुरू होतो. हा आवाज म्हणजे पाणी उडतंय. तो चालू असेपर्यंत पातेल्यापासून हलायचं नाही, अधूनमधून उलथन्याने बूड खरवडत राहायचं. मला साधारण सव्वा तास लागतो.

सगळं या आवाजात आहे, आणि हे मी फार महागात शिकले. सुरुवातीला गर जरा तांबूस झाला की मी गॅस बंद करत असे. असंच एक तेल मी एका बाळंतिणीला दिलं. पंधरा दिवसांनी तिने बाटली उघडून माझ्यासमोर धरली. आंबूस वास, आणि तळाशी गाळावर कापसासारखी पांढरी बुरशी. मी ती बाटली परत घेतली, घरी उरलेलं सगळं तेल ओतून टाकलं आणि ज्या वैद्यबाईंकडे तेव्हा माझं काम होतं त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तेलात पाणी राहिलं. तेल कढलं की नाही हे डोळ्यांनी बघू नकोस, कानांनी बघ."

त्यांनी दाखवलेली रीत आयुर्वेदातली आहे. तेलात टाकलेल्या वाटणाची, त्याला कल्क म्हणतात, बोटांनी वात वळायची आणि विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी आहे, शांत जळली तर तेल झालं. दुसरी खूण फेसाची. तूप सिद्ध होतं तेव्हा फेस बसतो, तेल सिद्ध होतं तेव्हा फेस वर येतो. पण कोरफडीचा गर आटून चिमूटभर गाळ उरतो, त्याची वात काही वळत नाही. मग मी देवापुढची कापसाची वात घेते, ती पातेल्यातल्या तेलात भिजवते, चिमट्यात धरून सिंकजवळ पेटवते. तडतड झाली की अजून दहा मिनिटं. न बोलता जळली की लगेच गॅस बंद. लगेच अशासाठी की पाणी आहे तोवर तेल फार तापत नाही, पाणी संपलं की झपाट्याने तापतं आणि जळका वास धरतं.

कोमट झालं की जुन्या सुती साडीच्या कोरड्या फडक्यातून गाळायचं. गाळ पिळायचा नाही. बाटली काचेची, गडद रंगाची, धुऊन कडक उन्हात वाळवलेली. तयार तेल हिरवं होत नाही, फिकट पिवळसर राहतं, आणि ते तसंच असायला हवं. मी तीन महिन्यांत संपवते. ओला हात बाटलीत घालायचा नाही. ताजा गर तसाच तेलात मिसळून बाटली भरून ठेवायची, असं बऱ्याच जणी करतात, ते अजिबात करू नका. गर आणि तेल एकत्र हवंच असेल तर लावायच्या वेळी तळहातावर मिसळा.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस थांबा. खाज, लाली नाही आली तर पुढे. अंगाला लावायची वेळ म्हणजे आंघोळ झाल्यावर, कातडी किंचित ओलसर असताना. दोन्ही पायांना मिळून अर्धा चमचा पुरतं. टाचांच्या भेगांना रात्री पाय कोमट पाण्यात ठेवून, पुसून, तेल जिरवून सुती मोजे घाला. आठवडाभर रोज करा, एक दिवस करून फरक दिसत नाही. चेहरा तेलकट असेल, पुटकुळ्या येत असतील तर तोंडाला हे तेल नको. आणि भाजलं असेल तर कुठलंच तेल नको. आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग डॉक्टर.

केसांना कोमट करून, एक-दोन चमचे, बोटांच्या पेरांनी केसांच्या मुळाशी. नखं लावायची नाहीत. धुण्याआधी तासभर पुरे. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे, म्हणून केसांसाठी खोबरेलावरच कढवा. तेल थापून स्कार्फ बांधून गाडीवर निघू नका, रस्त्याची सगळी धूळ केसांत येऊन बसते. चिकट, पिवळसर कोंडा असेल तर तेल लावून तो वाढतो. तिथे तेल बंद करून डॉक्टरांना दाखवा.

माझ्या बाळंतिणींसाठी दोन शब्द. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की केस मूठमूठ गळायला लागतात. पोरी रडत फोन करतात, "मावशी, तुमचं तेल पाठवा." मी तेल पाठवते, पण हेही सांगते की हे गळणं कोणत्याही तेलाने थांबत नाही, आणि बहुतेक जणींचं वर्षाच्या आत आपोआप थांबतं. नाही थांबलं तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. तेलावर वेळ घालवू नका. बाळ अंगावर पीत असेल तर छातीला कोरफडीचं काहीही लावायचं नाही, ते बाळाच्या पोटात जातं, आणि चीक राहिला असेल तर जुलाब होतात. आणि बाळाच्या मालीशला मी स्वतः कोरफडीचं तेल वापरत नाही. त्याला साधं खोबरेल, हातावर चोळून कोमट केलेलं.