या चुका टाळा: करोना विषाणूच्या प्रकारांमधील विषाणूभाराची तुलना

२०२१ च्या जुलैमध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका अभ्यासाचा आकडा जगभर पोहोचला. डेल्टा प्रकाराची लागण झालेल्यांमध्ये २०२० च्या सुरुवातीच्या विषाणूच्या तुलनेत १२६० पट विषाणूभार, म्हणजे नमुन्यातील विषाणूचे प्रमाण, आढळला, असे त्यात म्हटले होते. आकडा खोटा नव्हता आणि अभ्यासही काळजीपूर्वक केलेला होता. मात्र अहवालातून बातमीत आणि बातमीतून लोकांच्या बोलण्यात येईपर्यंत त्या आकड्याला जोडलेले चार शब्द गळून पडले: 'पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीच्या दिवशी'. ते शब्द गळाले आणि वाढीच्या वेगाविषयीचे निरीक्षण एकूण प्रमाणाविषयीचे विधान बनले. विषाणूभाराच्या तुलनेतील बहुतेक चुका याच जातीच्या असतात. मोजमाप बरोबर असते. ते कशाचे आणि कधीचे आहे, हे सांगायचे राहून जाते. सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि आरोग्याच्या बातम्या लिहिणारे पत्रकार या तिघांनाही या चुका पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून त्या येथे थोड्या विस्ताराने मांडत आहे.

'सीटी' कोणता?

दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील घराघरांत 'सीटी किती आला?' हा प्रश्न विचारला जात होता आणि त्याची दोन अगदी वेगळी उत्तरे मिळत होती. एक होता फुप्फुसांच्या एचआरसीटी स्कॅनवरचा २५ पैकी दिलेला स्कोर, जो वाढला की काळजी वाढते. दुसरी होती आरटी-पीसीआर चाचणीतील सीटी व्हॅल्यू, जी कमी असेल तितका नमुन्यातील विषाणू जास्त असतो. पहिल्याचा विषाणूभाराशी थेट संबंध नाही. या लेखात जेथे 'सीटी' येईल तेथे दुसरीच अभिप्रेत आहे.

पीसीआर यंत्रात प्रत्येक चक्रागणिक विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती जवळजवळ दुप्पट होतात आणि त्यांच्याबरोबर चकाकीही वाढत जाते. ही चकाकी ठरावीक पातळी ओलांडते त्या चक्राचा क्रमांक म्हणजे सीटी. त्यामुळे हा आकडा विषाणूंची मोजदाद नसतो. ठरावीक पातळी गाठायला किती चक्रे लागली, एवढेच तो सांगतो.

चक्रांचा फरक थेट पटींत बदलणे

ग्वांगडोंगच्या अभ्यासात पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीतील मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यास मधोमध येणारा) सीटी डेल्टासाठी २४.०० आणि जुन्या विषाणूसाठी ३४.३१ होता. प्रत्येक चक्रात नेमकी दुप्पट होते असे धरून २ चा १०.३१ वा घात काढला, तर उत्तर सुमारे १२७० येते. पण दुप्पट होणे ही आदर्श स्थिती आहे. चाचणीची कार्यक्षमता ९० टक्के असेल, म्हणजे प्रत्येक चक्रात १.९ पटच वाढ होत असेल, तर तोच १०.३१ चक्रांचा फरक सुमारे ७५० पट इतका भरतो. प्रयोगशाळा ९० ते ११० टक्के कार्यक्षमता सहसा स्वीकारार्ह मानतात. म्हणजे चाचणी निर्दोष असूनही उत्तरात एवढा फरक पडू शकतो.

यावर उपाय जुनाच आहे आणि तो चुकवू नये. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्याचे दहा-दहा पटींनी पातळ केलेले द्रावण त्याच यंत्रावर, त्याच किटने चालवून प्रमाणवक्र काढावा आणि सीटीचे रूपांतर त्या वक्रावरूनच प्रति मिलिलीटर प्रतींमध्ये करावे. वक्राचा उतार उणे ३.३ च्या आसपास आला, तर दर ३.३ चक्रांना दहापट हे सूत्र वापरता येते. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल जोडायचे असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाशी जुळवून घेतलेली एककेच वापरावीत. एका किटवरचा २२ आणि दुसऱ्या किटवरचा २५ यांतून विषाणूविषयी काहीही सिद्ध होत नाही. जून महिन्यात एक किट आणि डिसेंबरमध्ये दुसरे वापरले असेल, तर प्रकाराचा परिणाम आणि किटचा परिणाम एकमेकांत असे मिसळतात की नंतर कोणतेही गणित ते वेगळे करू शकत नाही.

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवण्याची मर्यादा हा आणखी वेगळा विषय आहे. दुसऱ्या लाटेत ही मर्यादा ३५ वरून २४ पर्यंत आणावी का, असा प्रश्न महाराष्ट्रातून आला, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ते योग्य नसल्याचे कळवले, कारण संसर्ग पसरवू शकणारे अनेक रुग्ण त्यामुळे निसटले असते. ही मर्यादा 'आहे की नाही' या प्रश्नासाठी असते. 'किती' या प्रश्नाचे उत्तर तिच्यात शोधू नये.

जनुकाची निवड

ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते, कारण ती निकालपत्रावर दिसत नाही. विषाणूचा प्रकार बदलतो म्हणजे त्याचे जनुकीय अनुक्रम, म्हणजे जनुकांतील अक्षरांचे क्रम, बदलतात, आणि चाचणीचे प्रायमर व प्रोब (विषाणूचा तुकडा शोधणारे छोटे जनुकीय धागे) त्या अनुक्रमांवरच बसतात. अल्फा प्रकारात स्पाइक जनुकातील ६९-७० हा तुकडा गळालेला असल्यामुळे काही किटमध्ये 'एस' जनुकाचा संकेत मिळतच नसे. ओमायक्रॉनच्या बीए.१ मध्ये तेच घडले, बीए.२ मध्ये मात्र घडले नाही, आणि डेल्टातही 'एस' जनुक नेहमीसारखे दिसत असे. प्रकार चटकन ओळखायला ही खूण उपयोगी पडली, पण 'एस' जनुकाच्या सीटीवरून अल्फा आणि डेल्टाची तुलना करणे मुळातच चुकीचे ठरते. संकेत पूर्ण नाहीसा झाला तर निदान लक्षात तरी येते. प्रोबखाली एखाद-दुसरे अक्षर बदलल्याने सीटी दोन-तीन चक्रांनी उशिरा आला, तर तो 'कमी विषाणूभार' म्हणून खपून जातो.

'एन' जनुकाची अडचण याच्या उलट आहे. पेशीत वाढताना हा विषाणू आपल्या संपूर्ण जीनोमबरोबर (सगळ्या जनुकांच्या संचाबरोबर) त्याचे लहान तुकडे, म्हणजे उपजीनोमिक आरएनएदेखील तयार करतो आणि 'एन' जनुकाचा अनुक्रम त्यांपैकी पुष्कळांत असतो. अल्फामध्ये 'एन' च्या सुरुवातीला झालेल्या बदलामुळे अशा आरएनएची निर्मिती आणखी वाढल्याचे आढळले आहे. त्यामुळे केवळ 'एन' जनुक मोजले, तर विषाणूकणांची संख्या तीच असतानाही अल्फाचा भार जास्त भासू शकतो. प्रकारांची तुलना करताना ओआरएफ१एबी या जनुकाचे लक्ष्य निवडणे, किंवा किमान दोन जनुकांचे निकाल शेजारी ठेवून त्यांच्यातील अंतर प्रकारानुसार बदलते का ते पाहणे, हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

दिवस न पाहता तुलना

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या नेतृत्वाखाली निरोगी तरुण स्वयंसेवकांना नियंत्रित पद्धतीने लागण करून जो अभ्यास झाला, त्यात विषाणू आधी घशात आणि नंतर नाकात सापडू लागला, आणि भार सुमारे पाचव्या दिवशी शिखरावर पोहोचला. नाकातील शिखर प्रति मिलिलीटर कोट्यवधी प्रतींच्या घरात होते. म्हणजे एकाच माणसात, एकाच प्रकारच्या विषाणूचा भार काही दिवसांत लाखो पटींनी चढतो आणि उतरतो. दोन प्रकारांमधील फरक त्यापुढे लहान असतो. चौथ्या दिवसाचे डेल्टाचे रुग्ण आणि नवव्या दिवसाचे जुन्या विषाणूचे रुग्ण एकमेकांशेजारी ठेवले, तर तुलना दिवसांचीच होते.

आता ग्वांगडोंगकडे पुन्हा पाहू. तेथे रुग्णांच्या संपर्कातील लोक विलगीकरणात होते आणि त्यांची रोज चाचणी होत होती. संपर्कापासून पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीपर्यंतचा काळ २०२० मध्ये सुमारे ६ दिवस होता. डेल्टामध्ये तो सुमारे ४ दिवसांवर आला. वेगाने वाढणारा विषाणू दोन चाचण्यांमधील एका रात्रीत ओळखण्याची मर्यादा ओलांडून कितीतरी पुढे गेलेला असतो, तर सावकाश वाढणारा मर्यादेच्या जरासाच वर सापडतो. त्यामुळे हा मोठा फरक मुख्यतः वेगाची साक्ष देतो. डेल्टाचे शिखर हजार पट उंच होते, हे त्यातून निघत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या खेळाडू व कर्मचाऱ्यांच्या नियमित चाचण्यांवरून ज्यांनी प्रत्येकाचा चढ-उतार आखला, त्या संशोधकांना अल्फा, डेल्टा आणि इतर विषाणू यांच्या सरासरी शिखरांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही.

साथीची अवस्थासुद्धा हाच घोळ घालते. लाट चढत असताना चाचणीला आलेल्यांत ताजी लागण झालेले अधिक असतात, म्हणून सरासरी सीटी खाली येतो. लाट उतरू लागली की जुन्या लागणीचे प्रमाण वाढते आणि सीटी वर सरकतो. विषाणूत काहीही बदल न होता हे घडते. नवा प्रकार स्वभावतःच चढत्या लाटेत भेटतो आणि मागे पडणारा प्रकार उतरत्या लाटेत. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात बी.१.६१७ वंश (डेल्टा याच वंशातला) वर येत असताना घेतलेले नमुने आणि त्याच काळात मागे पडत चाललेल्या जुन्या वंशांचे नमुने यांची सरसकट तुलना केली, तर नव्याचा भार जास्त दिसणारच. लक्षणे सुरू झाल्याचा दिवस नोंदवणे आणि त्यानुसार गट पाडणे हा किमान उपाय आहे. शक्य असेल तेथे एकाच व्यक्तीचे क्रमाने घेतलेले नमुने वापरावेत. मात्र लसीकरण आणि आधीची लागण झालेल्या लोकांत लक्षणे विषाणूच्या शिखराच्या मानाने लवकर जाणवू शकतात, म्हणून २०२० मधील 'लक्षणांचा दुसरा दिवस' आणि २०२२ मधील 'लक्षणांचा दुसरा दिवस' हेही एकच मानू नयेत.

आरएनए म्हणजे जिवंत विषाणू नव्हे

पीसीआर आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य, मोजते. तो संसर्गक्षम कणातला आहे की मोडलेल्या अवशेषातला, हे तिला कळत नाही. २०२० मध्ये म्युनिकजवळच्या पहिल्या रुग्णसमूहात आठव्या दिवसानंतर आरएनए भरपूर सापडत असूनही नमुन्यातून विषाणू वाढवता आला नाही. जिनिव्हातील संशोधकांनी पेशींवर संसर्गक्षम विषाणू प्रत्यक्ष मोजून प्रकारांची तुलना केली, तेव्हा लस न घेतलेल्यांत डेल्टाचा संसर्गक्षम भार मूळ विषाणूपेक्षा जास्त निघाला आणि पूर्ण लसीकरण झालेल्यांत तो कमी झाला. याउलट २०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बार्नस्टेबल काउंटीत डेल्टाचा जो उद्रेक झाला, त्यात लस घेतलेल्यांचा मध्यक सीटी २२.७७ आणि इतरांचा २१.५४ होता. एवढ्यावरून 'लस घेतलेलेही तितकाच संसर्ग पसरवतात' असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. सारखा सीटी सारख्या संसर्गक्षमतेची हमी देत नाही, आणि एका दिवशीचा नमुना भार किती लवकर उतरतो हेही सांगत नाही.

प्रयोगशाळेतील ऊतींवरचे आकडे रुग्णांना लावणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. हाँगकाँग विद्यापीठाच्या प्रयोगात ओमायक्रॉन २४ तासांत श्वासनलिकेच्या ऊतीत डेल्टाच्या सुमारे ७० पट वाढला, पण फुप्फुसाच्या ऊतीत मूळ विषाणूच्या एक-दशांशाहूनही कमी वाढला. यातील '७० पट' तेवढे उचलून ते रुग्णाच्या नाकातील विषाणूभार म्हणून सांगणे सर्वस्वी चुकीचे आहे.

नमुने आणि सरासरी

नाकातील स्वॅब, घशातील स्वॅब आणि लाळ यांचे निकाल एकाच स्तंभात लिहू नयेत. स्वॅब नीट फिरवला गेला का, हे मानवी पेशींतील आरएनेज-पी जनुकाच्या सीटीवरून कळते. तो प्रकारागणिक वेगळा येत असेल, तर फरक नमुना घेण्यात आहे.

सरासरी काढताना सीटीची सरासरी आणि प्रतींची सरासरी यांत गल्लत होते. १५ आणि ३५ सीटी असलेल्या दोन नमुन्यांची सरासरी २५ येते, पण प्रतींची सरासरी काढून ती पुन्हा सीटीत मांडली तर १६ येते. दोहोंत ५१२ पटींचे अंतर आहे. लॉग प्रमाणावर (जेथे प्रत्येक पायरी दहापटीची असते) काम करावे आणि तसे स्पष्ट लिहावे. 'आढळले नाही' या निकालाच्या जागी ४० हा आकडा भरणेही टाळावे, कारण ते मोजमाप नसून मोजमापाची कड आहे, आणि संख्याशास्त्रात अशा मर्यादित नोंदींसाठी स्वतंत्र पद्धती आहेत.

शेवटी, प्रकार ओळखण्यासाठी जनुकीय अनुक्रमण (विषाणूचा अक्षरक्रम वाचणे) करावे लागते आणि कमी विषाणू असलेल्या नमुन्यांत ते नीट होत नाही, म्हणून प्रयोगशाळा बहुधा ३० किंवा त्याहूनही कमी सीटीचे नमुनेच स्वीकारतात. ज्याचा प्रकार 'माहीत' आहे तो प्रत्येक रुग्ण आधीच जास्त भाराच्या चाळणीतून आलेला असतो, आणि दोन्ही गटांची वरची बाजूच उरल्यामुळे त्यांच्यातील खरा फरक आक्रसून दिसतो. तक्त्याखाली सीटीची ही मर्यादा लिहावी, आणि तिच्यामुळे किंवा अनुक्रमण अयशस्वी झाल्यामुळे किती नमुने गळाले, ते महिन्यागणिक आणि जिल्ह्यागणिक नोंदवावे.